फ्रेंच लीगची तालिकाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्रान्सच्या फुटबॉल लीगची बातमी आपल्या क्रीडा पानावर आली की तीत पॅरिस सां-जर्मांचा निकाल असतो, गोल करणाऱ्याचं नाव असतं आणि ‘पैशाच्या जोरावर’ हे शब्द हमखास असतात. बाकीचे संघ जणू पॅरिसकडून हरण्यापुरतेच मैदानात उतरतात. असं काही वाचलं की मला २०११-१२ चा हंगाम आठवतो.

कतारचा पैसा पॅरिसमध्ये आला तो त्याच हंगामाच्या तोंडावर. पास्तोरे या एका अर्जेंटिनी खेळाडूसाठी पॅरिसने ४.२ कोटी युरो मोजले. आणि लीग जिंकली कोणी? माँपेलिएने! आदल्या वर्षी चौदाव्या क्रमांकावर राहिलेला, २००९ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला दक्षिणेतला हा संघ. त्याचा वर्षभराचा सगळा खर्च पास्तोरेच्या किमतीत भागला असता, असं तेव्हा गमतीने म्हटलं जायचं.

क्लबचे अध्यक्ष लुई निकोलां. धंदा कचरा उचलण्याचा. आमच्याकडे कचऱ्याचा ठेकेदार म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण या गृहस्थाने १९७४ पासून क्लब सांभाळला होता. तोंडाने फटकळ, अंगाने अगडबंब. जेतेपद मिळाल्यावर या साठी उलटलेल्या माणसाने डोक्यावर तुरा राखून तो क्लबच्या निळ्या-केशरी रंगात रंगवून घेतला.

संघ मात्र गमतीवर उभा नव्हता. बेलहांदा, कर्णधार यांगा-म्बिवा, स्तांबुली, काबेला ही पोरं क्लबच्याच अकादमीत घडलेली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी २००९ मध्ये युवकांचा गाम्बार्देला करंडक एकत्र जिंकला होता, म्हणजे एकमेकांच्या पासची सवय लहानपणापासूनची. बचावात तिशी उलटलेला ब्राझीलचा हिल्टन, मार्सेहून आलेला. पुढे जिरू, जो त्याआधी दुसऱ्या श्रेणीत तूर नावाच्या संघाकडून खेळायचा. त्या हंगामात त्याने २१ गोल केले. पॅरिसच्या नेनेचेही तेवढेच होते, पण त्यात पेनल्टीचे जास्त, म्हणून सर्वाधिक गोलांचा मान जिरूला मिळाला. या सगळ्यांना बांधून ठेवणारे प्रशिक्षक होते रेने जिरार.

आणि पॅरिस काय करत होतं? डिसेंबरात संघ तालिकेत पहिला असताना त्यांनी प्रशिक्षक कोंबुआरे यांना घरी पाठवलं आणि अँचेलोटींना आणलं. अँचेलोटींच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. पण पहिल्या नंबरावरच्या माणसाला काढायला पैशापेक्षा उतावीळपणाच जास्त लागतो, असं माझं मत आहे.

शेवटून दुसऱ्या सामन्यात गतविजेत्या लिलविरुद्ध भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटाला माँपेलिएच्या ऐत-फानाने गोल केला. सामना १-० असा सुटला. शेवटचा सामना ओसेरला होता. ओसेर १९८० पासून पहिल्या श्रेणीत होतं आणि नुकतंच खाली गेलं होतं. त्यांच्या प्रेक्षकांनी राग मैदानावर काढला. टॉयलेट पेपरची भेंडोळी, टेनिसचे चेंडू, काय काय आत येत होतं. खेळ पुन्हा पुन्हा थांबला. तिकडे पॅरिसने लोरिआँला २-१ हरवून आपलं काम केव्हाच उरकलं होतं. इथे माँपेलिए आधी गोल खाऊन बसलेलं. हरले असते तर दोघांचे गुण सारखे झाले असते आणि गोलफरकावर करंडक पॅरिसला गेला असता. मग नायजेरियाच्या उताकाने एक गोल फेडला आणि दुसरा मारला. ८२ गुण विरुद्ध ७९! गंमत म्हणजे पॅरिस हंगामात पाचच सामने हरलं, माँपेलिए सहा. शेवटी गोलफरकही दोघांचा सारखाच, ३४. फरक पडला तो पॅरिसने दहा सामने बरोबरीत घालवल्यामुळे.

पुढचं मी लपवत नाही. २०१३ ते २०२५ या तेरा हंगामांत पॅरिसने अकरा वेळा लीग जिंकली. मध्ये फक्त २०१७ मध्ये मोनाको आणि २०२१ मध्ये एका गुणाने लिल. त्यामुळे पैशाची गोष्ट खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. पण आपल्या पानावर ती अशी येते की वाचकाला वाटावं, बाकीचे सतरा संघ नुसते हजेरी लावतात. आम्ही कोल्हापूरकर पेठेच्या संघासाठी शाहू स्टेडियमवर उन्हात बसणारे लोक. आम्हाला तिसरा कोण, खाली कोण जातंय, हेही हवं असतं.

तेव्हा विनंती एवढीच, की दर सोमवारी फ्रेंच लीगची पूर्ण गुणतालिका छापावी. इंग्लंडची छापता, स्पेनची छापता. ही एक आणखी. निकोलां २०१७ मध्ये गेले. माँपेलिए २०२५ मध्ये तळाला राहून दुसऱ्या श्रेणीत गेलं. ही बातमी मला आपल्या पानावर सापडली नाही, मुलाने फोनवर दाखवली.

आपला,
एक नियमित वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर