'एकमेव अपराजित' आर्सेनल नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या क्रीडा पानावर एक चौकट होती. त्यात म्हटले होते की, एकही सामना न हरता इंग्लंडची फुटबॉल लीग जिंकणारा इतिहासातला एकमेव संघ म्हणजे २००३-०४चा आर्सेनल. माझा नातू आर्सेनलवाला. त्याने ती कात्रण करून कपाटाच्या दारावर चिकटवली आहे, त्यामुळे मला ती रोज वाचावी लागते. म्हणून हे पत्र.

आर्सेनलने ३८ सामन्यांत २६ जिंकले, १२ बरोबरीत सोडवले, हे खरेच. पण 'एकमेव' हा शब्द चुकला. पहिला मान प्रेस्टन नॉर्थ एंडचा आहे, आणि तोही लीगच्या अगदी पहिल्याच मोसमातला, १८८८-८९चा. २२ सामने, १८ विजय, ४ बरोबरी, पराभव शून्य. ७४ गोल केले, १५ खाल्ले. दुसऱ्या क्रमांकावरचा ॲस्टन व्हिला तब्बल ११ गुणांनी मागे होता. शिवाय ३० मार्च १८८९ रोजी प्रेस्टनने एफए कपच्या (हरला तो बाद, अशा इंग्लंडच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात वुल्व्ह्जला ३-० हरवले आणि त्या अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. हल्ली फुटबॉलचा इतिहास १९९२ साली, प्रीमियर लीगपासून सुरू होतो अशी समजूत झाली आहे. प्रेस्टन प्रीमियर लीगमध्ये कधी खेळलेलाच नाही, मग तो आकडेवारीत सापडणार कसा?

पण मला खरे सांगायचे आहे ते लीग कुठून आली याबद्दल. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते, त्यामुळे या गोष्टीकडे माझे लक्ष जरा जास्तच जाते. पहिल्या लीगमध्ये बारा संघ होते. त्यातले सहा वायव्य इंग्लंडमधल्या लँकेशायरचे: प्रेस्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, ॲक्रिंग्टन आणि एव्हर्टन. (एव्हर्टन तेव्हा ॲनफिल्डवर खेळत असे, लिव्हरपूल हा क्लब जन्मायला अजून चार वर्षे होती.) उरलेले सहा मिडलंड्सचे, म्हणजे मध्य इंग्लंडचे. लंडनचा एकही नाही. एव्हर्टन सोडला तर लँकेशायरची ही सगळी गावे सुती गिरण्यांची. ब्लॅकबर्नच्या मागांवर तर खास हिंदुस्थानात पाठवायला धोतरे विणली जात. म्हणजे पहिल्या लीगचे सामने बघायला जी माणसे उभी राहिली, त्यातल्या कितीतरी जणांनी आठवडाभर आपल्या पणजोबांची धोतरे विणलेली असणार!

ती माणसे शनिवारी दुपारी मैदानावर पोचू शकली, कारण भोंगा लवकर वाजायचा. १८५०च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायका आणि पोरांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबवले. त्यांच्याशिवाय गिरणी चालणार नव्हती, म्हणून पुरुषही सुटले. दोनला सुटायचे, घरी जाऊन चार घास खायचे आणि तीन-साडेतीनला मैदानावर. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सामना सुरू करायची चाल तेव्हापासूनची. आपल्याकडच्या गिरणी कामगाराला आठवड्याची रविवारची सुट्टीसुद्धा १० जून १८९०पासून मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी भांडून मिळवली. तोवर तिकडे लीगचे दोन मोसम होऊन गेले होते.

लीगची कल्पना विल्यम मॅकग्रेगर यांची. बर्मिंगहॅममधला हा स्कॉटिश कापडदुकानदार ॲस्टन व्हिलाच्या कमिटीवर होता. १८८५ साली पैसे घेऊन खेळायला परवानगी मिळाली होती, त्यामुळे क्लबांना दर आठवड्याला खेळाडूंचे पगार भागवावे लागत. पण सामन्यांचा भरवसा नव्हता. समोरचा संघ ऐनवेळी 'येत नाही' म्हणून कळवायचा, कपचा सामना आला की ठरलेला सामना रद्द, आणि तिकिटाचे पैसे बुडाले. म्हणून २ मार्च १८८८ रोजी मॅकग्रेगरनी मोजक्या क्लबांना पत्र लिहिले: दरवर्षी एकमेकांच्या मैदानावर जाऊन ठरलेले सामने खेळू. बस, एवढेच. १७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात संस्था उभी राहिली. 'लीग' हे नाव खुद्द मॅकग्रेगरना पसंत नव्हते, कारण जमीनदारांविरुद्ध लढणाऱ्या आयर्लंडच्या लँड लीगचे राजकारण तेव्हा तापलेले होते.

८ सप्टेंबरला सामने सुरू झाले, तेव्हा गुण कसे मोजायचे हेच ठरलेले नव्हते! विजयाला दोन, बरोबरीला एक हा निर्णय नोव्हेंबरात झाला. गोलाला जाळी नव्हती, पेनल्टी नव्हती. दोन्ही बाजूंचे दोन पंच मैदानात असत आणि त्यांचे जमले नाही तर कडेला उभ्या असलेल्या रेफ्रीला विचारायचे.

प्रेस्टनचे सूत्रधार मेजर विल्यम सडेल हे स्वतः गिरणीचे मॅनेजर. स्कॉटलंडमधून चांगले खेळाडू आणायचे आणि त्यांना कुठेतरी नोकरीला लावायचे, ही त्यांची पद्धत. १८८४ साली तक्रार झाली तेव्हा 'हो, आम्ही पैसे देतो' असे त्यांनी उघड कबूल केले. त्या कबुलीनंतर पेटलेल्या वादातूनच पुढच्या वर्षीची परवानगी आली. दुर्दैव असे की गिरणीच्या पैशांची अफरातफर केल्याबद्दल १८९५ साली सडेल तुरुंगात गेले. सुटल्यावर दक्षिण आफ्रिकेत जाऊन ते क्रीडा पत्रकार झाले. आपल्या क्रीडा विभागाने यातून काही भलतासलता अर्थ काढू नये.

प्रेस्टनने दुसऱ्या मोसमातही लीग जिंकली. त्यानंतर आजतागायत नाही.

विनंती इतकीच की, येत्या रविवारी दुरुस्ती छापावी. जागेची अडचण असेल तर शेजारच्या, खेळाडूंच्या केशरचनेवरच्या चौकटीतून दोन ओळी कमी कराव्यात. नातवाला मी आत्ताच काही सांगितलेले नाही. छापील दुरुस्ती आली की तीच कपाटावर चिकटवीन.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)