कन्सोल घेतोयस, तर एवढं बघ

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

घरच्यांना अधूनमधून खेळायला टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल घ्यावा की गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवावा, असं विचारलंस. कन्सोलच घे. तुमच्या घरी रविवारी दुपारी जेमतेम तासभर मिळणार, तो कॉम्प्युटरचे ड्रायव्हर (भाग चालवणारी सॉफ्टवेअर) आणि सेटिंगच्या खटपटीत जाऊन चालणार नाही. बटण दाबलं की दोघं शेजारी बसून खेळायला लागले पाहिजेत. निन्टेन्डोने २००६ साली वी (Wii) हा कन्सोल काढला तो हे ओळखूनच. टेनिस खेळायचं तर हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवायचा, बटणं पाठ करायला नकोत. ताकदीत तो सोनीच्या प्लेस्टेशन ३ पेक्षा कितीतरी कमी होता, तरी १० कोटींहून जास्त खपला.

तुला प्लेस्टेशन ५ बरा, तोही डिस्कवाला. खेळून कंटाळा आला की डिस्क विकता येते, कुणाशी बदलता येते. ऑनलाइन घेतलेला गेम आपल्या खात्यालाच चिकटून राहतो. फक्त एक ध्यानात ठेव: डिस्क असली तरी गेम आतल्या एसएसडीवर, म्हणजे कन्सोलच्या साठवणीत, उतरतोच, आणि खेळताना डिस्क आत घालावीच लागते. सुरुवातीच्या ८२५ जीबीच्या मॉडेलवर वापरायला सुमारे ६६७ जीबीच मिळतात. दुसरा कंट्रोलर (हातात धरून खेळायचा) मात्र पहिल्याच दिवशी घे, जास्तीचे गेम नंतर. एका टीव्हीवर दोघांनी खेळायला पीएस प्लसची (प्लेस्टेशनच्या ऑनलाइन सेवेची) वर्गणी लागत नाही.

पहिला गेम फुटबॉलचा. अर्धं घर पाटाकडीलचं, अर्धं शिवाजी तरुण मंडळाचं, म्हणजे कोल्हापूरच्या दोन फुटबॉल संघांचं, मग शाहू स्टेडियमवरची ईर्षा घरात यायला वेळ लागायचा नाही! पूर्वीची फिफा मालिका २०२३ पासून ईए स्पोर्ट्स एफसी या नावाने येते. प्रत्येक हाफ ४ मिनिटांचा ठेव, म्हणजे सगळ्यांची पाळी येते. कॉम्प्युटरविरुद्ध खेळणार असाल तर सोपी पातळी निवड. नवख्याच्या कंट्रोलरला दोन बटणांची नियंत्रणं लाव, पास आणि शॉट एवढंच त्याला पुरतं.

टीव्हीवर गेम मोड (चित्र लगेच दाखवणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय कुणाच्या हातात कंट्रोलर देऊ नकोस. एरवी टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो, त्यात बटण दाबणं आणि पडद्यावर किक बसणं यांत अंतर पडतं. सरावलेल्याला ते लगेच कळतं. नवख्याला वाटतं आपल्याला जमतच नाही, आणि तो उठून जातो.

कधीतरी खेळणाऱ्याचा खरा विरस अपडेट करतं. तीन आठवड्यांनी कन्सोल लावावा, तर कंट्रोलरची बॅटरी उतरलेली आणि गेम काही जीबी डाउनलोड मागत बसलेला. म्हणून कन्सोल बंद न करता रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट झोपलेल्या स्थितीत, ठेव. सेटिंग्ज, सिस्टम, पॉवर सेव्हिंग इथे जाऊन रेस्ट मोडमध्ये इंटरनेट जोडलेलं राहील आणि यूएसबीला वीज मिळेल असं कर. आपोआप डाउनलोड आणि इन्स्टॉल, दोन्ही चालू ठेव. कंट्रोलर वायरला लावून ठेवलास की रविवारी सगळं तयार मिळतं.

यात धोका लाइट जाण्याचा. अपडेट लिहिलं जात असताना वीज तुटली तर डेटा बिघडू शकतो. खेळताना कन्सोल साधारण २०० वॅट ओढतो, टीव्ही वेगळा. ६०० व्हीएचा यूपीएस (लाइट गेली की बॅटरीवर वीज देणारं यंत्र) काही मिनिटंच तग धरेल, पण सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी पुरतात. बाहेरगावी जाताना मात्र पूर्ण बंद कर.

शोकेसच्या बंद कप्प्यात कन्सोल कोंबू नकोस. भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर जागा सोड, नाहीतर गरम हवा आतच फिरते आणि पंखा घरघरायला लागतो. कंट्रोलरची काडी (स्टिक) न हलवता खेळाडू आपोआप सरकायला लागला, तर काडीची हालचाल मोजणारा आतला पोटेन्शिओमीटर झिजलाय किंवा धूळ गेलीय. आधी कंट्रोलरच्या मागच्या बारीक भोकातलं बटण पिनने दाबून रीसेट कर, मग हवेच्या झोताने काडीची कड साफ कर. झीज असेल तर भाग बदलावाच लागतो.

टीव्हीचा मॉडेल नंबर आणि मागे एचडीएमआयचे किती पोर्ट मोकळे आहेत, तेवढं बघून कळव. गेम मोड कुठं सापडेल ते सांगतो.

तुझा,
जिवलग मित्र