चित्रात ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. ज्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, प्रसंग नाही, त्यातून भावना पोचतेच कशी, असे तू विचारतोस आणि पुढच्याच ओळीत कबूल करतोस की त्या चित्रासमोर उभे असताना तुला विनाकारण उदास वाटले. म्हणजे पोचते हे तू मान्य केलेस. प्रश्न उरला तो कशी याचा.

लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, असा कोश हाताशी धरून अमूर्त चित्र वाचू नये, असे माझे ठाम मत आहे. रशियन चित्रकार कान्डिन्स्कीने १९११ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात असे मांडले की पिवळा पाहणाऱ्याच्या अंगावर येतो, निळा मागे सरतो, फिकट निळा बासरीसारखा तर गडद निळा चेलो या खर्जातल्या तंतुवाद्यासारखा वाजतो. त्यातले वाद्यांचे कोष्टक मला पटत नाही. परंतु पुढे येणे आणि मागे सरणे मात्र पटते, कारण तो अर्थ नसून हालचाल आहे आणि हालचाल शरीराला आधी कळते.

अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्को रंगाचे पातळ थर एकावर एक चढवून आयतांच्या कडा पुसट ठेवीत असे, त्यामुळे आकार नेमका कुठे संपतो हे नजरेला ठरवता येत नाही आणि ती तिथेच घुटमळत राहते. प्रेक्षकाने अवघ्या १८ इंचांवर उभे राहावे, असे तो सुचवी. इतक्या जवळून चौकट दिसेनाशी होते आणि रंगच भोवती पसरतो. तोच रंग पट्टीने आखून सपाट भरला असता, तर ती दुकानावरची पाटी झाली असती! म्हणून भाव रंगात शोधण्यापेक्षा कडेत आणि थरात शोधावा.

आपल्याकडचे चित्रकार वासुदेव गायतोंडे तर स्वतःच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणेही नाकारत. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कोणतीही वस्तू न दाखवणारे, हा शब्द त्यांना अधिक मान्य होता. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या बोथट सुरीने) ते रंग लावत व काढत आणि मोजकीच चित्रे करत. त्यांच्या चित्रांतली शांतता या संथ कामातून आलेली आहे, असे मला वाटते. (रॉथ्कोपेक्षा मला ती अधिक जवळची वाटते, हे तुला ठाऊकच आहे.)

तुझे पत्र उघडले तेव्हाही असेच झाले. ओळी खाली घसरलेल्या, अक्षरे एकमेकांना खेटलेली. मजकूर वाचण्याआधीच तू थकलेला आहेस हे मला समजले, आणि पत्रात तसा एकही शब्द नव्हता. हाताचा वेग, दाब, थबकणे कॅनव्हासवरही असेच राहून जाते.

मात्र तुला जाणवलेली उदासी चित्रकाराचीच होती, असे समजू नकोस. रॉथ्कोची १४ काळोखी चित्रे असलेले ह्यूस्टनचे प्रार्थनागृह १९७१ मध्ये, त्याच्या आत्महत्येनंतरच्या वर्षी उघडले. तेव्हापासून लोक त्या चित्रांत त्याचे मरणच वाचत आले आहेत. मला हे चित्र पाहण्याऐवजी चरित्र पाहणे वाटते.

तू पाहिलेल्या त्या चित्रासमोर पुन्हा गेलास, तर शेजारचा माहितीफलक वाचू नकोस. सवडीने उभा राहा आणि उदासी कुठून सुरू झाली, कडेपाशी की मधल्या काळोखात, तेवढे मला कळव.

तुझाच,
जुना मित्र