आमच्या मंडळीच्या सिस्टरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सिस्टर,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमचे आभार तोंडी मानायला गेले की तुम्ही विषय बदलता आणि चहा टाकायला आत निघून जाता, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. यात तुमचे नाव घातलेले नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही आणि आपल्या मंडळीत ‘सिस्टर’ म्हटले की दुसरे कोणी डोळ्यांपुढे येतही नाही. तुम्हाला रुग्णालयाच्या नोकरीतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षे झाली, तरी लोकांनी ते संबोधन काही सोडले नाही. दीर्घ दुखण्यात अडकलेल्या विश्वासणाऱ्याला देवावर भरवसा ठेवायला दुसऱ्या माणसाने नेमकी कशी मदत करावी, हे मी तुमच्यामुळे जवळून पाहिले, आणि ते माझ्यापाशीच राहू नये असे मला वाटते.

डॉक्टरांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव घेतले तेव्हा घरी सगळ्यांची समजूत झाली की हा आजीला होता तोच संधिवात, तेल चोळले आणि शेक दिला की बरा वाटेल. पण या रोगात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते, बोटांचे आणि मनगटांचे लहान सांधे सुजतात, आणि सकाळी उठल्यावर तासभर, कधी त्याहूनही जास्त वेळ, मूठ उघडत नाही. ज्या हातांनी मी भाकरी थापत होते आणि संडे स्कूलच्या मुलांसाठी फळ्यावर नोहाचे तारू काढत होते, त्या हातांनी नळाची तोटी फिरेना, दाराची कडी सरकेना आणि पदराला पिन लागेना.

मंडळीतले लोक भेटायला येत आणि प्रेमानेच येत, हे मी मान्य करते. कोणी म्हणे, देव परीक्षा पाहत आहे. कोणी म्हणे, तो ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच शिस्त लावतो. आणि एखादी बाई आवाज खाली आणून विचारी की काही कबूल करायचे राहिले आहे का. एका प्रार्थना सभेला बाहेरगावाहून आलेल्या प्रचारकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्या तळमळीने प्रार्थना केली आणि निघताना सांगितले की आता गोळ्या चालू ठेवणे म्हणजे अर्धाच विश्वास. त्या रात्रीही मी गोळी घेतली, पण ती गिळताना चोरी केल्यासारखे वाटले.

तुम्ही आलात तेव्हा यांतले काहीच बोलला नाहीत. खुर्ची ओढून बसलात, माझे मनगट हातात घेऊन सूज पाहिलीत, आणि कोमट पाण्याचे घमेले मागवून माझे दोन्ही हात त्यात ठेवलेत. बराच वेळ आपण दोघी गप्प होतो. पवित्रशास्त्रातल्या, मुलेबाळे, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते, आणि त्यांची खरी सेवा तेवढीच, पुढे तोंड उघडले आणि सगळे बिघडले, असे तुम्ही नंतर एकदा हसत हसत म्हणालात. त्याच वेळी तुम्ही त्या ग्रंथाच्या शेवटाकडे माझे लक्ष वेधलेत. देवाची बाजू मांडण्यासाठी एवढी व्याख्याने देणाऱ्या मित्रांवर देव तिथे संतापतो, आणि ज्याने रडून, भांडून, जन्मदिवसाला शाप देऊन आकाशपाताळ एक केले त्या ईयोबाविषयी म्हणतो की माझ्याविषयी योग्य ते हाच बोलला. लहानपणापासून ईयोबाचा धीर ऐकत आले होते. त्याची तक्रारही देवाला मान्य झाली हे मला कोणी सांगितले नव्हते.

मग तुम्ही मला ८८ वे स्तोत्र वाचून दाखवलेत. आपल्या उपासनेत २३ वे वाचतात, ९१ वे वाचतात, १०३ वे तर पाठच असते. ८८ वे वाचलेले मला तरी आठवत नाही. बहुतेक विलापाची स्तोत्रे शेवटाला येताना वळण घेतात आणि स्तुतीत संपतात, पण हे घेत नाही. त्याचा शेवट अंधारात होतो. मी तुम्हाला विचारले की असले स्तोत्र पवित्रशास्त्रात राहिले तरी कसे, तेव्हा तुम्ही पहिली ओळ पुन्हा वाचलीत, जिथे तो माणूस देवाला आपल्या उद्धाराचा देव म्हणून हाक मारतो. ‘‘सगळी तक्रार त्याच्याकडेच चालली आहे बघ, दुसऱ्या कोणाकडे नाही,’’ एवढेच तुम्ही म्हणालात. भरवसा म्हणजे कण्हणे बंद करणे, अशी माझी पक्की धारणा होती, आणि कण्हणे काही बंद होत नव्हते, त्यामुळे आपला विश्वास संपला असा निष्कर्ष मी काढून बसले होते. त्या दिवसापासून पहाटे हात उघडत नसताना मी त्याच्याशी मोठ्याने बोलू लागले, आणि ते बोलणे नेहमीच सभ्य असते असे नाही.

गोळ्यांविषयी मात्र तुम्ही गप्प बसला नाहीत, आणि त्यासाठी तुमचे वेगळे आभार मानायला हवेत. हिज्कीया राजाला आयुष्याची पंधरा वर्षे वाढवून देण्याचे वचन देवाने दिलेले असतानाही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिले. आपला सोबती त्रफिम याला तो आजारी अवस्थेतच मिलेत शहरात सोडून पुढे गेला. आणि ज्या लूकला तो प्रिय वैद्य म्हणतो तो त्याच्या सोबत होता. हे सगळे तुम्ही मला एका दमात ऐकवलेत, जणू त्या प्रचारकांना समोर बसवून ऐकवत होता. मग तुम्ही कालनिर्णय भिंतीवरून उतरवून प्रत्येक रविवारच्या चौकोनात लाल पेनाने ‘मेथोट्रेक्सेट’ लिहिलेत, कारण या रोगावरची ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी लिहिलीत. आणि रक्ताच्या तपासणीच्या तारखांना गोल केलात. प्रभूने वधस्तंभावर गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला, मग मीही वेदनाशामक का घ्यावे, असे मी एकदा भावनेच्या भरात म्हणाले, त्यावर तुमचे उत्तर आजही घरात सगळे म्हणून दाखवतात: ‘‘तो प्याला त्याचा होता. तुझा डॉक्टरांनी लिहून दिलाय. गीळ.’’

तुमच्या बोलण्यात मिरज नेहमी येते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचे रुग्णालय सुरू केले, आणि त्या भागात कुष्ठरुग्णांच्या वॉर्डात तुम्ही उमेदीची वर्षे काढलीत. ज्या हाताला वेदना कळत नाही तो हात कसा संपतो, हे तुम्ही स्वतः पाहिले आहे: चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उचलले जाते, बोटावर फोड येतो, जखम चिघळते, आणि माणसाला पत्ता नसतो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे झडण्यामागे रोगापेक्षा या न कळलेल्या जखमाच जास्त असतात, आणि म्हणून ते वेदनेला देणगी मानत. हा विचार मी प्रवचनांतही ऐकला आहे आणि तो खरा आहे. पण तुम्ही तो मला सांगितलात आणि लगेच पुढे म्हणालात की तुझे दुखणे त्या जातीचे नाही. सूज आहे हे कळून उपचार चालू झाले तरी न थांबणाऱ्या घंटेसारखे ते वाजतच राहते, आणि त्याला देणगी म्हणायची तुझ्यावर सक्ती नाही. आजवर मला मिळालेल्या सगळ्या सांत्वनांत याएवढा दिलासा कशानेच दिला नाही. दुखण्याचा अर्थ लावायची जबाबदारीच तुम्ही माझ्यावरून काढून घेतलीत.

डॉ. मेरी वर्गीस यांच्याविषयी मीच तुम्हाला विचारले होते. १९५४ साली मोटारीच्या अपघातात त्यांच्या कमरेखालचे अंग निकामी झाले, तरी चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, पुढे न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचे वैद्यकशास्त्र शिकल्या, परत येऊन वेल्लोरला तो विभाग उभारला आणि १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे असल्या साक्षी सभेत सांगितल्या जातात तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या आजारी माणसाच्या मनावर त्यांचे ओझे होते, कारण त्याच्या हातून कोणताच विभाग उभा राहणार नसतो. मी तसे बोलूनही दाखवले. तुम्ही वाद घातला नाहीत. देवाने पौलाला ‘‘माझी कृपा तुला पुरे आहे’’ असे सांगितले, ते तीन वेळा विनवणी करूनही त्याच्या देहातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, गेला नाही तेव्हा सांगितले, आणि त्या वचनात पौलाने पुढे किती कामे करावीत याची काही यादी नाही, एवढे तुम्ही दाखवून दिलेत.

एक गोष्ट तुम्ही विसरला असाल. मी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, रविवारी उपासनेला येणे टाळू लागले होते. थाळीतला तो काचेचा इवलासा पेला चिमटीत धरता येत नव्हता आणि सर्वांदेखत तो सांडेल याची धास्ती वाटत होती. मी कोणालाही कारण सांगितले नव्हते, पण तुमच्या नजरेतून ते सुटले नाही. पुढच्या वेळी तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात, थाळी आल्यावर पेला स्वतः उचललात, माझे दोन्ही तळवे ओंजळीसारखे जुळवून त्यात तो उभा ठेवलात आणि खालून आपल्या हाताचा आधार दिलात. पाळकसाहेब पुढचे वाक्य म्हणायचे थांबले होते, हे मला नंतर कळले. आता ते दर वेळी थांबतात, आणि आमच्या रांगेतल्या लकव्याच्या आजोबांनाही त्याचा उपयोग होतो.

सध्याची हकिगत अशी की सूज पुष्कळ कमी आहे, डॉक्टरांनी एक गोळी बंद केली आहे, उजव्या हाताची दोन बोटे वाकली ती वाकलीच राहतील असे दिसते, आणि मी बरे होण्यासाठी अजूनही प्रार्थना करते. पौलासारखी तीनवर थांबलेले नाही. देवाने अजून ‘नाही’ म्हटलेले नाही, तोवर मागायला माझी हरकत नाही आणि त्याचीही नसावी.

आता तुमच्याविषयी. तुमच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे आणि ‘‘कोणी भेटायला येऊ नका, उगाच त्रास’’ असा निरोप तुम्ही महिला मंडळात दिला आहे, तो आम्ही एकमताने फेटाळला आहे. डब्याच्या पाळ्या लागल्या आहेत. व्यायामाच्या वेळी तुम्ही ओरडलात तरी कोणी वचन सांगणार नाही, ही खबरदारी घेतली आहे. तुमच्या गोळ्यांच्या वेळा कालनिर्णयावर लिहायला मी येईन; माझे अक्षर आता वाकडे येते, पण लाल पेन आणले आहे.

प्रभूमध्ये तुमची,
मंडळीतील एक बहीण