तपासणी एका नोझलची, अहवाल तिन्ही नोझलचा

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: डिझेल इंजिनाचे नोझल न तपासता बसवल्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मी माझ्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचे तिन्ही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी टोकं) बदलून घेतले. जॉबकार्डावर काम स्पष्ट लिहिलं आहे: नवे नोझल टाकणे, टेस्टरवर (हाताने दाबायच्या तपासणी पंपावर) नोझल उघडण्याचं प्रेशर सेट करणे, बसवणे. त्यासोबत एक छापील टेस्ट रिपोर्टही मिळाला. त्यात तिन्ही नोझलसमोर 215 बार, ‘फवारा ठीक’ आणि ‘गळती नाही’ असं आहे.

नोझल ज्यात बसतात ते तीन वेगवेगळे होल्डर, उघडण्याचं प्रेशर ठरवणाऱ्या तीन जुन्या स्प्रिंगा, आणि आकडा मात्र तिघांचा अगदी एकच. तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही, ही माझी चूक.

कारण पहिला नोझल माझ्यासमोर तपासला होता. तुमच्या सेंटरमधल्या पोऱ्याने टेस्टरचा दांडा दाबला, करकर आवाज आला, बारीक धुक्यासारखा फवारा पडला. (फवारा दाखवायला त्याने खाली तळहात धरला होता. मीच त्याला ओरडलो. एवढ्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि मग थेट ऑपरेशन टेबलच गाठावं लागतं. त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.) उरलेल्या दोघांबद्दल तो म्हणाला, “एकाच लॉटचे आहेत, साहेब, सेम येतात.” मी चहा प्यायला गेलो. परत आलो तर इंजेक्टर, म्हणजे नोझल बसवलेले होल्डर, इंजिनाच्या हेडवर चढलेले होते.

ट्रॅक्टर घरी आणला आणि दुसऱ्या दिवसापासून इंजिन ठोका मारू लागलं. लोडवर काळा धूर. चाळीस तासांनी डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या वर चढलेलं, आणि वासाला चक्क डिझेल. ऑइल कमी होणं समजू शकतो. वाढलं की पोटात गोळा येतो.

तुमच्या सर्व्हिस मॅनेजरला फोन केला. उत्तर मिळालं, “डिझेल भेसळीचं असेल.” तिन्ही सिलिंडर एकाच टाकीचं डिझेल पितात. मी आयडलवर एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट ढिला करून बघितला. पहिल्याला इंजिन लगेच पडायला लागलं, म्हणजे तो सिलिंडर काम करतो. तिसऱ्याला थोडं पडलं. दुसऱ्याचा नट ढिला केला तरी इंजिनाला काही पत्ताच नाही. भेसळ असं सिलिंडर निवडून त्रास देत नाही.

मग मी तिन्ही इंजेक्टर काढून डिझेल पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या एका पंपवाल्याकडे नेले आणि शेवटपर्यंत तिथेच उभा राहिलो. मॅन्युअलप्रमाणे या इंजिनाला 210 ते 220 बार हवेत. पहिला 214 वर उघडला, स्वच्छ. दुसरा 175 वरच उघडला. आवाज नाही, फवाऱ्याऐवजी धार. प्रेशर 155 वर धरून ठेवलं तर दहा सेकंदांच्या आत टोकाला थेंब जमून खाली पडला.

होल्डर उघडला. सुई एक तृतीयांश बाहेर ओढून नोझल तिरका धरला की सुई आपल्या वजनाने सरकत खाली यायला हवी. ही जागची हलली नाही. नव्या नोझलला गंज लागू नये म्हणून जो चिकट थर येतो, तो धुतलेलाच नव्हता. स्वच्छ डिझेलमध्ये सुई आणि बॉडी धुतली, पुन्हा ओढून सोडली, तर ती सुळकन खाली आली. स्प्रिंग जुनी, थकलेली. तिच्यावर जाड शिम (दाब वाढवणारी चकती) टाकल्यावर प्रेशर 215 वर आलं. तीच सुई, तीच बॉडी, आणि आता करकर करत उत्तम फवारा. म्हणजे तुमच्या मालात खोट नाही, हे मी स्वतःहून लिहून देतो. जुन्या स्प्रिंगवर नवा नोझल चढवला की प्रेशर पुन्हा लावावंच लागतं, एवढं साधं काम झालं नव्हतं.

तिसऱ्याची गंमत वेगळीच. टेस्टरवर तो ठीक निघाला, 211 बार. पण हेडमधल्या त्याच्या बिळात टॉर्च मारली तर तळाशी तांब्याचा जुना वॉशर काजळीत चिकटून बसलेला दिसला. तुमच्या माणसाने त्याच्यावरच नवा वॉशर ठेवून इंजेक्टर आवळला होता. दोन वॉशरमुळे नोझलचं टोक वर राहिलं, फवारा पिस्टनच्या वाटीत जिथे पडायचा तिथे पडेना. शिवाय वॉशरच्या कडेने गॅस सुटून इंजेक्टरभोवती काळं कडं तयार झालं होतं. जुना वॉशर काढून बीळ साफ करायला आमच्या पंपवाल्याला दहा मिनिटं लागली. तो वॉशर मी डबीत जपून ठेवला आहे, हवा तर पाठवतो.

तुमच्या ऑफिसातून मला नवे नोझल मोफत देण्याची तयारी दाखवली गेली. ते मला नकोत. माझ्या मागण्या अशा आहेत. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलण्याचा खर्च तुम्ही द्यावा. डिझेल मिसळलेल्या ऑइलवर इंजिन चाळीस तास चाललं आहे, तेव्हा दुसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) माझ्यासमोर मोजावं आणि ते कमी निघालं तर पुढची दुरुस्ती तुमच्या खर्चाने व्हावी. बाहेर केलेल्या तपासणीचं बिल भरून द्यावं. आणि खोट्या आकड्यांचा तो रिपोर्ट रद्द करून, तो कुणी भरला व उरलेले दोन नोझल टेस्टरला न लावता कसा भरला, याचं लेखी उत्तर द्यावं.

जॉबकार्ड, टेस्ट रिपोर्ट, दुसऱ्या पंपवाल्याचे आकडे आणि दोन वॉशरचा फोटो सोबत जोडला आहे. पंधरा दिवस वाट बघतो. त्यानंतर हेच कागद ग्राहक आयोगात जातील.

आपला,
एक ग्राहक