नागपूरच्या इतवारीतल्या पेटीवाल्या काकांस

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही दुकान आवरून मुलाकडे वर्ध्याला गेलात, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. सात नंबरच्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, भाता दाखवायला इतवारीत आले, तर शटरला कुलूप. शेजारच्या भांडेवाल्यांनी सांगितलं. पेटी रिक्षात तशीच ठेवून मी परत शाळेत आले आणि त्या दिवशी कशातच लक्ष लागलं नाही.

समोर असलात की तुम्ही आभार मानू देत नाही. "ते राहू द्या ताई, आधी वाद्याचं सांगा," म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे. दुसऱ्या शाळांमध्ये संगीत विभागाचं कार्यालय सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या लोकांनीही ते वाचावं, असं मनापासून वाटतं.

२०१६ साली मला फीच्या खिडकीवरून उचलून संगीत विभागात बसवलं, तेव्हा मला सा आणि रे यांतला फरक कळत नव्हता. प्रभार म्हणून मिळालं काय, तर एक गोदरेजचं कपाट, तीन किल्ल्या आणि जडवस्तू नोंदवही. वहीत लिहिलेलं: हार्मोनियम ९ नग, तबला ७ नग, डग्गा ६ नग, तंबोरा ३ नग. बाकी काम मला जमणारं होतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे फॉर्म, प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची फी, परीक्षकांची राहण्याची सोय, प्रमाणपत्रांवरच्या नावांची दुरुस्ती, दहावीच्या मुलांचे वाढीव कलागुणांचे प्रस्ताव. हे कागद मी डोळे मिटून केले असते. वाद्यं मात्र माझ्यासाठी खुर्च्या-टेबलांसारखीच होती.

पुढच्या वर्षी मार्चअखेरीला अकरा वाद्यांचं निर्लेखन करायचं, म्हणजे ती निकामी ठरवून वहीतून काढून टाकायची ठरलं. 'दुरुस्तीयोग्य नाही' असा जाणकाराचा दाखला जोडायचा होता, आणि कुणीतरी तुमचं दुकान सांगितलं. मी टाइप केलेला कागद घेऊनच आले होते, फक्त सही हवी होती. तुम्ही चष्मा लावून तो पूर्ण वाचलात आणि परत माझ्या हातात दिलात. "नग तर विटा असतात ताई. या पेट्या हायेत. पाहिल्याशिवाय सही कशी करू?"

रविवारी सकाळी सायकलवरून आलात. कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधलेली, त्यात कानशी, ब्रश, चामड्याचे तुकडे, सरसाची डबी. जमिनीवर सतरंजी टाकून पहिली पेटी उघडलीत. मला आत काहीतरी गुंतागुंतीचं दिसेल असं वाटलं होतं. दिसली ती पितळी सुरांची, म्हणजे हवेनं थरथरून वाजणाऱ्या पात्यांची, ओळ, आणि त्यांवर पांढरी भुकटी. खडूची! ती खोली वर्ग म्हणूनही वापरत होतो आणि पेट्या बरोबर फळ्याखाली ठेवत होतो. पाच सूर बोलत नव्हते ते एवढ्यासाठी. तुम्ही ब्रशने एकेक सूर झाडलात, आणि ज्या पेटीला मी 'मृत' लिहिलं होतं ती दहा मिनिटांत वाजली.

मग तुम्ही जे केलंत ते मी आयुष्यात विसरणार नाही. एका पट्टीचे दोन सूर एकत्र वाजवलेत आणि मला म्हणालात, ऐका. मला एकच आवाज ऐकू आला. "अजून ऐका." मग जाणवलं, आवाजात एक थरथर होती, लाटेसारखी वर-खाली होणारी. तुम्ही सुराखाली पातळ पत्रा सरकवलात आणि टोकाकडे कानस फिरवलीत, अगदी दोनदा, नखाने खरवडावं तशी. पुन्हा भाता हलवला. थरथर मंदावली होती. टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, हे सांगत तुम्ही आणखी एकदा कानस फिरवलीत. "ऐकून राहिल्या ना ताई? आता थांबते पाहा." आणि खरंच थांबली. दोन आवाजांचा एक आवाज झाला. माझ्या अंगावर काटा आला होता, काका. चौतीस वर्षांची बाई मी, संगीत आपल्यासाठी नाही असं धरून बसलेली. त्या सतरंजीवर मला पहिल्यांदा सूर ऐकू आला.

पेट्या पुसता पुसता तुम्ही सांगत होतात, की पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली, आणि ती उठायला १९७१ उजाडलं. "तेवढ्यात मेली नाही हे, अन् तुमच्या कमिटीच्या सहीनं मरते?" अकरापैकी सात वाद्यं तुम्ही निर्लेखनाच्या यादीतून काढलीत. उरलेल्या चारांवर सही केलीत, तीही त्यांतले चांगले सूर आणि खुंट्या काढून वेगळ्या डबीत ठेवायला सांगून. ती डबी आजही कपाटात आहे. त्यातल्या किती सुरांनी नंतर दुसऱ्या पेट्या जगवल्या, याची नोंद माझ्याकडे आहे.

नोंद करायलाही तुम्हीच शिकवलंत. जुन्या वहीत 'दुरुस्त केले, रु. ६४०' एवढंच लिहायची पद्धत होती. तुम्ही विचारलंत, "कोणता सूर, कोणतं सप्तक, का बिघडला? पुढच्या माणसाले कळाले नको?" तेव्हापासून मी प्रत्येक वाद्याला एक पान दिलं. पेटी क्रमांक ४, मंद्र सप्तकातला कोमल गंधार, जुलैत पट्टी फुगून अडकली. तबला क्रमांक २, पुडी (वरचं चामडं) बदलली, काळी चार (म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात लागतो). वहीचं पान वाचलं की वाद्याची प्रकृती कळते. नवीन आलेल्या संगीत शिक्षिकेनं पहिल्याच दिवशी ती वही घरी नेऊन वाचली होती.

नवीन पेटी घेतानाचंही तसंच. तीन दरपत्रकं मागवायची आणि सर्वांत कमी दर मंजूर करायचा, हा नियम. मागणीत नुसतं 'हार्मोनियम' लिहिलं तर स्वस्तातलं काहीही गळ्यात पडतं. तुम्ही माझ्याजवळ बसून मागणीपत्र लिहून घेतलंत: साडेतीन सप्तक, बेचाळीस पट्ट्या, खर्ज-नर अशा सुरांच्या दोन ओळी, पालिताण्याचे सूर, सागवानी खोकं. मागणीपत्रात एका ओळीचा फरक, पण त्यामुळे नियमही पाळला गेला आणि मुलांना चांगली पेटी मिळाली.

पण सगळ्यात मोठं ऋण परीक्षेचं आहे. २०१८ च्या उन्हाळी सत्रात मी उमेदवारांची यादी बैठक क्रमांकानुसार लावली. त्याच क्रमाने गायला बोलावलं. काळी चारला सा धरून गाणारी मुलगी, मग आवाज फुटलेला काळी एकचा मुलगा, मग काळी पाच, पुन्हा काळी दोन. आमच्याकडे धड लागणारे दायां, म्हणजे उजव्या हाताचे तबले, दोनच. साथीला बसलेले सर प्रत्येक मुलाआधी हातोडी घेऊन, सूर जुळवायला तबल्याचे लाकडी गट्टे ठोकत बसले. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत मुलांचे घसे कोरडे पडलेले, पालक चिडलेले. पहिला दिवस रात्री साडेआठला संपला आणि मी जिन्यात बसून रडले. चूक पूर्ण माझी होती.

तुम्ही तिथेच होतात, एका पेटीची स्प्रिंग बसवायला आलेले. रडणं संपेपर्यंत थांबलात. मग दुसऱ्या दिवसाची यादी मागितलीत. "हे क्रमांकानं काऊन लावली? गळा काय क्रमांक पाहून लागते?" आपण दोघांनी रात्री दहापर्यंत बसून पालकांना फोन केले आणि प्रत्येक मुलाची पट्टी विचारून घेतली. मग एकाच परीक्षेची मुलं खालच्या पट्टीकडून वरच्या पट्टीकडे लावली, म्हणजे दायां दिवसभर एकाच दिशेने चढवत न्यायचा. सकाळी परीक्षकांना विचारलं, त्यांनी आनंदानं मान्य केलं. दुसरा दिवस साडेपाचला संपला. तेव्हापासून आमच्या अर्जात 'पट्टी' हा रकाना आहे, माझ्या माहितीत दुसऱ्या कुठल्या केंद्रावर नाही, आणि तो तुमचा आहे.

त्याच दिवशी तुम्ही कूलरचं तोंडही फिरवायला लावलंत. ओली हवा सरळ तबल्यावर येत होती, म्हणून चाटेचा (पुडीच्या कडेचा) सूर मिनिटामिनिटाला उतरत होता. नागपुरात उन्हाळ्यात कूलरशिवाय परीक्षा घेणं शक्य नाही, पण तो मुलांकडे असावा आणि वाद्यांना पाठमोरा असावा, एवढी साधी गोष्ट आम्हा कुणालाच सुचली नव्हती.

आणि तंबोरा. भोपळ्याला तडा गेलेला, निर्लेखनाच्या यादीत सर्वांत वर होता. तुम्ही तो दोन गोधड्यांत शिवून, कोल्हापूरला निघालेल्या पुतण्याबरोबर महाराष्ट्र एक्सप्रेसनं मिरजेला पाठवलात. दोन महिन्यांनी परत आला, तेव्हा तुम्ही जवारीचा, म्हणजे तारेला गुंजवणारा, दोरा तारेखाली सरकवलात आणि खोलीभर तो नाद भरला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचं वाचलं तेव्हा मी सर्वांत आधी तुमच्या दुकानाचा नंबर लावला होता. तुम्ही फक्त "हाव, वाचलं" म्हणालात, पण आवाजावरून कळलं.

एक माफीही मागायची आहे. तंबोऱ्याच्या त्या कामाचे पैसे तुम्हाला सात महिने मिळाले नाहीत, कारण तुमची पावती हाताने लिहिलेली होती आणि ती कार्यालयात चालेना. मी पाठपुरावा केला, पण आधीच सांगायला हवं होतं की असं होईल. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. त्या सात महिन्यांतही बोलावलं की सायकल घेऊन यायचात. हे माझ्या मनात राहून गेलं आहे.

इकडचं सांगते. यंदा प्रवेशिकेला एकवीस मुलं बसली आहेत. ज्या पेटीवर खडूची भुकटी होती, तिच्यावर आता पाचवीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत अलंकार वाजवते. दायांना पुडी मढवणारा नवीन कारागीर इथल्या महाल भागात मिळाला आहे, हात चांगला आहे. सात नंबरच्या पेटीचा भाता त्यानं बघितला, पण तार सप्तकातल्या निषादाला मी कुणाला हात लावू दिलेला नाही. दोन सूर एकत्र वाजवले की अजून थरथर ऐकू येते. वर्ध्याला रविवारी पेटी घेऊन आले तर चालेल का, तेवढं कळवा.

काकूंना नमस्कार.

आपली,
संगीत विभागातली ताई