ग्रंथपाल बाईंना, पेन्सिलीच्या खुणांबद्दल

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीची पहिली प्रत परवा वाचनालयात आपल्या टेबलावर ठेवली, पण बोलायचे होते ते घशाशीच अडकले. म्हणून हे पत्र, आणि लिहिणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडावे म्हणून ते जाहीरपणे लिहीत आहे.

पहिल्या आवृत्तीवर एका रविवार पुरवणीत आलेले परीक्षण घेऊन मी आपल्याकडे आलो, तेव्हा माझ्या खिशात चार पानी उत्तर तयार होते. आपण ते मागितलेही नाही. कात्रण टेबलावर पसरून, पेन्सिल हातात घेऊन, आपण प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारत गेलात: हे पुस्तकाबद्दल आहे, लेखकाबद्दल आहे, की परीक्षकांच्या आवडीनिवडीबद्दल? एकोणीस वाक्यांपैकी तेरा अशी बाजूला पडली. उरलेल्या सहांत मला सर्वांत झोंबलेले वाक्य होते: मालवणच्या आजीच्या तोंडी लेखकाने घाटावरची बोली घातली आहे. आपण कपाटातून पुस्तक काढलेत आणि आजी नातवाला 'कुटं चाललास?' असे विचारते तो संवाद मोठ्याने वाचलात. मग क्षणभर थांबून आपल्या माहेरच्या बोलीत म्हणालात, 'खंय चललंस?' जिच्याविषयी मी दोनशे पाने लिहिली होती, तिचा आवाज मला त्या दोन शब्दांत पहिल्यांदा ऐकू आला.

टीकेने लेखक मरतो, असे मी त्या दिवशी त्राग्याने म्हणालो आणि इंग्रजी कवी जॉन कीट्सचे नाव घेतले. आपण शांतपणे चूक दुरुस्त केलीत. 1818 मध्ये त्याच्या 'एंडिमियन' या दीर्घकाव्यावर नियतकालिकांनी झोड उठवली हे खरे. पण 1821 मध्ये रोममध्ये त्याचा बळी घेतला तो क्षयाने, आणि टीकेने मेल्याची दंतकथा पसरायला त्याचा समकालीन कवी बायरन याच्या ओळींचा हातभार लागला. टीका ताजी असतानाच कीट्सने पत्रात लिहिले होते की, स्वतःच्या कवितेची स्वतः केलेली चिकित्सा त्याला त्या नियतकालिकांपेक्षा कितीतरी अधिक वेदना देऊन गेली. मर्ढेकरांचेही आपण सांगितलेत: 1947 च्या 'काही कविता'मुळे अश्लीलतेचा खटला आणि दुर्बोधतेचा आरोप दोन्ही वाट्याला येऊनही त्यांनी लिहिणे सोडले नाही. ही उदाहरणे मला धीर देण्यासाठी होती असे तेव्हा वाटले. आज वाटते, आपल्याला मला त्या सहा वाक्यांकडे परत न्यायचे होते.

आणखी एका गोष्टीचे ऋण मोठे आहे. कौतुकाच्या अभिप्रायांवरही आपण तीच पेन्सिल चालवलीत. 'अप्रतिम', 'एका बैठकीत वाचली' अशा वाक्यांपुढे काहीच खूण उरली नाही, आणि मला थोडे वाईटही वाटले. पण त्यामुळेच पुढे वाचकांनी दिलेले एक तारा किंवा पाच तारे पाहून माझी झोप उडाली नाही. लेखकाने टीकेला कातडी जाड करावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला आता पटत नाही, कारण जाड कातडीला त्या सहा वाक्यांचाही स्पर्श झाला नसता.

वाचनालय बंद झाल्यावर तीन संध्याकाळी बसून आपण आजीचे सगळे संवाद माझ्याकडून वाचून घेतलेत आणि एकेक शब्द बदलून दिलात. श्रेयनामावलीत नाव नको म्हणालात, तो शब्द मी पाळला आहे. चार पानी उत्तर अजून पाकिटातच आहे.

नव्या कादंबरीचा कच्चा खर्डा दिवाळीनंतर घेऊन येईन. पेन्सिलीला टोक करून ठेवावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
वाचनालयाचा एक जुना सभासद